गेम बॉयवरचा जुना बेसबॉल क्रिकेटवाल्यांनी कसा शिकायचा

बेसबॉलचे नियम माहीत नाहीत म्हणून हा गेम जमत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं काही नाहीये, नियम चहा पिता पिता कळतात, जड जाते ती क्रिकेटची सवय. आपल्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलंय की बॉल आला की बॅट मध्ये आलीच पाहिजे, कारण मागे स्टंप आहेत. इथे मागे स्टंप नाहीत. बाहेर जाणारे चार बॉल शांतपणे सोडले तर चालत जाऊन पहिला बेस (म्हणजे पळत गाठायचा पहिला टप्पा) फुकट मिळतो, आणि हे ज्याने आपल्या अंगठ्याला समजावलं त्याचं अर्धं काम झालं. बाकीचं अर्धं म्हणजे फिल्डिंग करताना बॉल कुठे फेकायचा, त्यावर खाली जरा सविस्तर लिहिलंय कारण खरी गंमत तिथेच आहे.

मी सांगतोय ते निन्टेन्डोच्या 'बेसबॉल' बद्दल, १९८९ चा, गेम बॉय ह्या हातात धरून खेळायच्या मशीनवरचा. २१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय विकायला आला तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्यासोबत जे चार गेम होते त्यातला हा एक, बाकीचे तीन म्हणजे सुपर मारिओ लँड, अ‍ॅलीवे आणि याकुमान. त्याच वर्षी गेम बॉय अमेरिकेत गेला तेव्हाही हा होताच, पण तिकडे सोबत टेट्रिस होता आणि टेट्रिससमोर कोण टिकणार. ह्यात पिचर म्हणून, म्हणजे बॉल टाकायला, मारिओ आणि लुइजी उभे राहतात हीच काय ती चैन, बाकी करिअर मोड नाही, टूर्नामेंट नाही, सेव्ह करायची सोय नाही, बसलात की एक मॅच संपवूनच उठायचं. मला तरी हेच आवडतं.

आणि हो, नव्वदीत ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता त्यांना 'बेसबॉल' हे नाव लिस्टमध्ये पाहिल्याचं आठवत असेल, त्या ढीगभर गेमवाल्या पिवळ्या कॅसेटमध्ये बऱ्याचदा असायचा तो. तो ह्याच्या आधीचा, १९८३ चा, फॅमिकॉम म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला लावायच्या मशीनवरचा. बहुतेकांनी लावला, माणसं कुठे पळतायत काही कळेना, रिसेट दाबलं आणि परत कॉन्ट्रा. खाली जे सांगतोय त्यातलं जवळजवळ सगळं त्या गेमलाही चालतं त्यामुळे जुना हिशोब चुकता करायचा असेल तर करा.

आधी मशीनचं बघू. ओरिजिनल गेम बॉयची स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची, चारच छटा, आणि आतून लाईट नाही. वर ती स्क्रीन स्लो, म्हणजे काहीही जोरात हललं की मागे पुसट शेपूट राहतं, आणि बेसबॉलमध्ये जोरात हलणारी एकच वस्तू आहे जी तुम्हाला बघायचीय. म्हणून मॅच चालू करायच्या आधी डाव्या बाजूचं कॉन्ट्रास्टचं चाक नीट लावा. लोक काय करतात, नीट दिसावं म्हणून ते फुल गडद करतात आणि मग शेपूट पण गडद होतं, बॉल नक्की कुठाय ते कळत नाही. थोडं फिकट ठेवा, बॉल जेमतेम काळा दिसेल इतपत. खिडकीकडे किंवा दिव्याकडे पाठ न करता जरा तिरकं बसा म्हणजे उजेड खांद्यावरून स्क्रीनवर पडतो आणि स्वतःच्या डोक्याची सावली मध्ये येत नाही.

नवीन मशीन असेल तर अजून चांगलं. ही कॅसेट १९९६ च्या गेम बॉय पॉकेटवर, १९९८ च्या कलरवर, अ‍ॅडव्हान्सवर आणि अ‍ॅडव्हान्स एसपीवर चालते, एसपीला लाईट असल्यामुळे रात्री गादीवर पडून खेळायला तोच बरा. गेम बॉय मायक्रो आणि निन्टेन्डो डीएसवर चालणार नाही, डीएसमध्ये अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेट बसतात म्हणून लोकांचा गोंधळ होतो आणि पैसे अडकतात. कलरवर खेळत असाल तर एक ट्रिक, चालू करताना निन्टेन्डोचं नाव येतं तेव्हा डावीकडे आणि बी एकदम दाबून ठेवा, गेम शुद्ध काळा-पांढरा होतो, आपोआप दिलेल्या रंगांपेक्षा त्यात बॉल कितीतरी स्पष्ट दिसतो. आणि अ‍ॅडव्हान्सवर एल किंवा आर चुकून दाबलं गेलं की चित्र आडवं ताणलं जातं, तसं झालं तर परत दाबून चौकोनी करून घ्या, ताणलेल्या स्क्रीनवर बाहेर जाणाऱ्या बॉलचा अंदाज पार बिघडतो.

गेम बॉयच्या कॅसेटला देशाचं लॉक नसतं त्यामुळे जपानी कॅसेट मिळाली तरी बिनधास्त घ्या. जुनी कॅसेट लावल्यावर निन्टेन्डोच्या नावाच्या जागी काळी पट्टी किंवा भलतीच नक्षी दिसली आणि गेम तिथेच अडकला तर कॅसेट मेली असं लगेच समजू नका. मशीन चालू होताना कॅसेटमधून ते नाव वाचून तपासतं, नीट वाचता आलं नाही तर पुढे जातच नाही, आणि दहातल्या नऊ वेळा कारण म्हणजे कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवरची घाण. इअरबड, नव्वद टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलक्या हाताने पट्ट्या पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, परत लावा. फुंकर मारू नका. सगळ्यांनी मारलीये, तरी मारू नका, थुंकीची वाफ तांब्याला लागते आणि पट्ट्या हळूहळू खराब होतात. ओरिजिनलला चार पेन्सिल सेल लागतात, खेळून झालं आणि महिनाभर हात लावणार नसाल तर सेल काढून ठेवा नाहीतर ते आत गळतात आणि मग स्प्रिंग हिरव्या पडतात.

आता नियम, फक्त गेमला लागतात तेवढेच. ओव्हर नाहीत, तीन जण आउट झाले की बाजू बदलते, दोन्ही बाजूंची बॅटिंग झाली की एक इनिंग, अशा नऊ. मैदान गोल नाही, होम प्लेटपासून (बॅट्समन उभा राहतो ती जागा, तीन बेस फिरून परत इथे आलं की रन) व्ही आकारात उघडतं आणि त्या व्हीच्या बाहेर गेलेला बॉल फाउल, म्हणजे लेट कट, ग्लान्स, मागे फाइन लेगला हे सगळं इथे बाद. फाउल झाला की एक स्ट्राइक धरतात, पण दोन स्ट्राइक आधीच असतील तर फाउलने तिसरा होत नाही, कितीही मारा. बॅट फिरवून चुकली तर स्ट्राइक. प्लेटच्या वरून, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीतून बॉल गेला आणि तुम्ही बघत राहिलात तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक, आउट. चौकटीच्या बाहेरून गेला आणि तुम्ही बॅट फिरवली नाही तर त्याला नुसतं 'बॉल' म्हणतात, असे चार झाले की पहिला बेस बक्षीस. आणि व्हीच्या आत मारलात की पळावंच लागतं, 'नको रे, थांब' हा प्रकार नाही.

स्कोअरबोर्डवर अक्षरं बघून घ्या. जपानमध्ये २०१० पर्यंत स्ट्राइक आधी आणि बॉल नंतर असा क्रम असायचा, अमेरिकेत उलटा, बॉल आधी. त्यामुळे जुन्या जपानी कॅसेटमध्ये नुसता '२-१' असा आकडा बघून अंदाज बांधला तर फसाल, शेजारी एस आहे की बी ते आधी बघा.

बॅटिंग. पहिल्या दोन इनिंग एकच नियम पाळा, पहिला स्ट्राइक पडेपर्यंत बटणाला अंगठा लावायचाच नाही. खूप त्रास होतो. सोपा फुलटॉस समोरून जातोय आणि आपण बघतोय असं वाटतं, वाटू द्या. ह्यात दोन फायदे, एक तर कॉम्प्युटर किती वेळा बाहेर टाकतो ते कळतं, आणि दुसरं म्हणजे बॉल हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत यायला किती वेळ लागतो ते डोळ्यात बसतं. नजर पिचरच्या हातावर ठेवा, मधल्या मोकळ्या जागेत बॉलचा पाठलाग करायला जाल तर ते शेपूटच दिसत राहील. हात सुटला, मनात एक ठेका, आणि मग बॅट.

बॅट लवकर फिरली तर उजव्या हाताच्या बॅट्समनचा बॉल तिसऱ्या बेसकडे म्हणजे स्क्रीनच्या डावीकडे जातो, उशिरा फिरली तर पहिल्या बेसकडे. हे मुद्दाम करून बघा, म्हणजे एक अख्खी इनिंग जाणूनबुजून लवकर, पुढची जाणूनबुजून उशिरा, रन गेल्या खड्ड्यात. एवढं केलं की फाउल का होतायत ते आपोआप कळतं, कारण फाउल म्हणजे तेच, टायमिंग जरा जास्तच लवकर किंवा उशिरा. बॅट्समनला त्याच्या चौकटीत थोडं सरकवता येतं, तर बॉल सतत बाहेरच्या बाजूला पडत असेल तर प्लेटच्या जवळ सरका, पण फार चिकटून उभे राहू नका, मग आत येणारा बॉल बॅटच्या दांड्याला लागून पिचरच्या हातात मिळमिळीत जातो.

मोजणी बघून डोकं बदलायचं. तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असेल तर मारायचंच नाही, काहीही आलं तरी नाही, समोरचा एक बॉल चुकला की तुम्ही बेसवर. दोन स्ट्राइक झाले की मात्र उलट, चौकटीच्या कडेला दिसला तरी बॅट घाला, फाउल झाला तरी चालेल, जीव वाचतो. बंट म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल पायाजवळ पाडणं, पहिल्या बेसवर आपला माणूस असेल आणि कोणीच आउट नसेल तेव्हा त्याला पुढे ढकलायला करतात. दोन स्ट्राइक असताना बंट करू नका, तेव्हा बंट फाउल गेला तर सरळ आउट देतात.

पिचिंगला आधी हात सैल करून घ्या. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवाल्या बेसबॉलमध्ये खाली दाबून टाकला तर फास्ट, वर दाबून टाकला तर स्लो, डावी-उजवीकडे दाबला तर वळतो. गेम बॉयवर बसलात की पहिल्याच इनिंगमध्ये प्रत्येक दिशा चार-पाचदा टाकून बॉल काय करतो ते बघून घ्या, एक-दोन रन जातील, जाऊ देत. मग खरं काम एवढंच की समोरच्याचा ठेका मोडायचा. दोन फास्ट आणि मग एक स्लो, ह्यावर अर्धे स्ट्राइक निघतात. समोरच्याचे दोन स्ट्राइक झाले असतील आणि तुमच्याकडे वाया घालवायला बॉल असतील तर मुद्दाम बाहेर टाका, तो हावरटपणा करून बॅट फिरवतो का बघा. दोन मशीन केबलने जोडून समोर एखादा क्रिकेटवाला मित्र बसला असेल तर ह्याहून सोपं काही नाही, तो वाइड पण सोडत नाही. उलट तुमचे तीन बॉल झालेत तर शहाणपणा बंद, मधोमध टाका, मारलं तर सात जण मागे उभे आहेत ना.

आता फेकणं. इथेच नवशिक्यांच्या मॅच जातात आणि ह्याबद्दल कोणी नीट सांगत नाही.

बटणाचा जो प्लस आहे त्यालाच मैदान समजा. होम प्लेट खाली, पहिला बेस उजवीकडे, दुसरा वर, तिसरा डावीकडे. बॉल हातात आला की दिशा दाबून ए, तिकडे थ्रो जातो. फॅमिकॉमवर फिल्डर स्वतःच पळतात आणि तुम्ही फक्त थ्रो करता, नंतरच्या बऱ्याच गेममध्ये फिल्डर पळवावा पण लागतो, पण थ्रोची ही मांडणी जवळजवळ सगळीकडे सारखी. पळणारे घड्याळाच्या उलट दिशेने जातात, म्हणजे उजवीकडे, वर, डावीकडे, खाली. हे चार शब्द पाठ करा, मनात म्हणायला लागू नयेत इतके.

मग प्रश्न येतो कुठे फेकायचं, आणि त्यासाठी एकच नियम कळायला पाहिजे, फोर्स आउट. एका बेसवर दोघं उभे राहू शकत नाहीत. बॅट्समन बॉल जमिनीवर मारून पहिल्या बेसकडे निघाला म्हणजे तिथे आधीपासून जो उभा होता त्याला दुसऱ्याकडे पळावंच लागतं, मग दुसऱ्यावर कोणी असेल तर त्याला तिसऱ्याकडे. ज्याला असं नाइलाजाने पळावं लागतंय त्याला आउट करायला नुसता बॉल त्याच्या आधी बेसवर पोचला की झालं, रन आउटसारखंच. पण ज्याच्या मागे कोणी ढकलणारा नाही त्याला बॉल हातात धरून अंगाला लावावा लागतो, ते कठीण, आणि तो मधूनच मागे पण पळू शकतो.

तर बॉल टाकायच्या आधी, म्हणजे पिच करायच्या आधी, बेसकडे एक नजर टाकून ठरवून ठेवायचं की जमिनीवरून आला तर कुठली दिशा. बेस रिकामे असतील तर उजवीकडे, विचार करायचा नाही. पहिल्यावर एक जण असेल तर आधी वर आणि लगेच उजवीकडे, दुसऱ्याकडे पळणारा आणि पहिल्याकडे पळणारा दोघं गेले तर डबल प्ले, ह्या गेममध्ये ह्याच्यासारखं सुख नाही. पहिल्यावर आणि दुसऱ्यावर असतील तर बॉल जिथे अडवलाय तिथून जवळचा बेस बघा. तिन्ही भरलेले असतील तर खाली, होमला, तिथे रन पण वाचते आणि आउट पण मिळतो. फक्त दुसऱ्यावर एकटाच असेल तर त्याच्या नादी लागू नका, त्याला पळायची सक्ती नाहीये, तो तुम्हाला झुलवत ठेवेल आणि तेवढ्यात बॅट्समन आरामात पोचेल. उजवीकडे फेका, पक्का आउट घ्या. दोन आउट आधीच झालेत तर मग काहीच डोकं लावायचं नाही, सर्वात जवळचा फोर्स आउट, इनिंग खलास.

बॉल अडवल्यावर विचार करायला बसलात तर संपलं, आणि भांबावून चुकीच्या बेसला मारलेला थ्रो हा समोरच्याला दिलेला बेसच असतो. काही सुचलं नाही तर उजवीकडे फेकायचं, निदान एक तरी मिळतो.

आपण बॅटिंगला असतानाच्या पळण्याबद्दल थोडंच. बॉल उंच उडाला तर बेसवरच्या माणसाला पुढे दामटवू नका, कॅच झाला तर त्याला मूळ बेसवर परत यावं लागतं, आणि तो यायच्या आधी बॉल तिथे पोचला तर एका बॉलवर दोन आउट. कॅच झाल्यावर मात्र बेसला टेकून निघता येतं, म्हणून तिसऱ्यावर आपला माणूस असेल, दोनपेक्षा कमी आउट असतील आणि बॉल लांब आउटफिल्डमध्ये उडाला असेल तर कॅच होईपर्यंत थांबा आणि मग सोडा, बहुतेक वेळा रन निघते. दोन आउट झालेले असतील तर वाट बघायची गरजच नाही, बॅटला लागला की सगळे पळा, झेलला तर इनिंग तशीही संपणार आहे.

कॅसेट नको असेल तर निन्टेन्डोच्या स्विच मशीनवर हा गेम अधिकृत आहे, २०२४ च्या मे महिन्यात निन्टेन्डो स्विच ऑनलाइनच्या गेम बॉयवाल्या लायब्ररीत आला, सुपर मारिओ लँड आणि अ‍ॅलीवेबरोबर, साध्या मेंबरशिपमध्ये मिळतो. त्यात रिवाइंड आहे आणि शिकायला ते सोनं आहे, एकाच पिचला मागे नेऊन आधी लवकर मारा, मग उशिरा, मग मधोमध, तीन मिनिटांत जे कळतं ते कॅसेटवर कळायला दुपार जाते. फक्त मॅच खेळताना वापरू नका, मग काय मजा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. हा गेम सेकंदाला साधारण ६० फ्रेम चालतो, एक फ्रेम म्हणजे १७ मिलिसेकंदाच्या आसपास, टीव्हीने आणि ब्लूटूथ कंट्रोलरने मिळून चार-पाच फ्रेम खाल्ल्या की तुमची प्रत्येक बॅट उशिरा आणि तुम्ही शिव्या घालणार गेमला. स्वतःच्या कॅसेटची कॉपी काढून एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) खेळणाऱ्यांनी वायरचा पॅड घ्या आणि रेट्रोआर्क हे सॉफ्टवेअर असेल तर त्यातलं उशीर कमी करणारं रन-अहेड सेटिंग एक फ्रेमवर ठेवा.

दोघांनी खेळायचं तर दोन मशीन, दोन कॅसेट आणि एक लिंक केबल, एका कॅसेटवर भागत नाही. ओरिजिनल गेम बॉयचं केबलचं भोक मोठं आणि पॉकेट-कलरचं लहान, तर दोघांकडे वेगवेगळी मशीन असतील तर दोन टोकं वेगळी असलेली केबल किंवा अ‍ॅडॅप्टर शोधा. आणि अ‍ॅडव्हान्सवर हा जुना गेम दोघांत खेळायचा असेल तर केबल गेम बॉय कलरची पाहिजे, अ‍ॅडव्हान्सची स्वतःची केबल जुन्या गेमला चालत नाही, दुकानदार काहीही सांगू दे.

हा हातात बसला की पुढे १९९७ चा केन ग्रिफी ज्युनिअरवाला गेम बॉयवर बघा, त्यानंतर निओ जिओ पॉकेट कलर मिळत असेल तर त्यावरचा बेसबॉल स्टार्स, त्या मशीनची कटकट वाजणारी छोटी स्टिक थ्रोसाठी मस्त आहे. कोनामीचा पॉवर प्रो-कुन पॉकेट १९९९ चा, त्यात खेळाडू घडवायची मोठी गोष्ट आहे पण ती सगळी जपानीत, जपानी वाचता येत नसेल तर नुसता मॅचचा मोड लावा आणि बाकी मेनूकडे दुर्लक्ष करा.